छत्रीवर इंटरनेट येणार म्हणे, पण किती जणांना?

मी कळंबकडचा, छत्र्या बसवायचं काम करतो. छत्र्या म्हणजे डीटीएचच्या, आता त्यात सीसीटीव्ही अन् वायफायची पण कामं घेतो, त्यामुळं आभाळातून येणाऱ्या सिग्नलशी माझं घेणंदेणं रोजचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंक ह्या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीसोबत इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीमच्या जोडीला आपल्या धाराशिवचं नाव आलं, अन् तेव्हापासून ज्याच्या माळवदावर चढावं तो खालून एकच विचारतो, आता टॉवर नको, वायर नको, थेट वरून नेट, खरं का?

येरमाळ्याच्या पलीकडं बालाघाटच्या डोंगरात तात्यांची शेतवस्ती आहे. तिथं फोनला रेंज पाहिजे असली तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. मी कॅमेरे बसवायला गेलो होतो तेव्हा त्यांचा पुतण्या पुण्याहून सुट्टीला आलेला, आयटीतला पोरगा, लॅपटॉप मांडीवर घेऊन टाकीच्या शिडीवर बसलेला, अन् तात्या मला म्हणाले, "ही जुनी छत्री काढ अन् ती नवी इंटरनेटची बसव, पैसे मी देतो. उद्या गावातल्या सगळ्यांनी बसवली की झालं, मग ते फायबरचे खड्डे खांदायचं नाटक कशाला?" पुतण्या वरूनच ओरडला, "तात्या, तुम्ही नादी लागू नका, सॅटेलाइटचं नेट लई स्लो असतंय, पाऊस आला की बंद, अन् व्हिडिओ कॉल तर विसराच." मग चहा होईपर्यंत वाद, चहा झाल्यावर पण वाद, माझे कॅमेरे तसेच पिशवीत. पुतण्याची माहिती दहा-पंधरा वर्षं जुनी होती अन् तात्यांचा हिशोब कच्चा होता, तर दोघांना मी जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

आधी पुतण्याचं बघू. डीटीएचची छत्री ज्या उपग्रहाकडं तोंड करून बसते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. इतक्या उंचीवर पृथ्वीला एक फेरी मारायला त्याला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्याला जागेवर टांगल्यासारखा दिसतो, म्हणून मी एकदा अँगल सेट करून नट आवळला की वर्षानुवर्षं बघायला नको, अन् म्हणूनच आपल्याकडच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं दक्षिणेकडं. टीव्हीला हे बेस्ट आहे, कारण टीव्ही एकतर्फी कारभार, वरून चित्र येतंय, तुम्ही बघताय, ते पाव सेकंद उशिरा आलं तर कुणाला कळतंय.

इंटरनेटचं तसं नाही. तुम्ही काही दाबलं की मागणी वर जाते, तिथून खाली कंपनीच्या गेटवेला, म्हणजे जमिनीवरच्या स्टेशनला, उतरते, उत्तर परत वर जातं, परत तुमच्याकडं उतरतं. चार हेलपाटे झाले. छत्तीस हजार गुणिले चार म्हणजे १ लाख ४४ हजार किलोमीटर, अन् रेडिओलहर प्रकाशाच्या वेगानं पळते, सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे नुसत्या पळण्यातच जवळपास अर्धा सेकंद गेला, बाकी यंत्रांचा वेळ धरला की ०.६ सेकंदाच्या आसपास. ह्यालाच पिंग म्हणतात. इथं पैसा टाकून काही होत नाही, प्रकाशापेक्षा जोरात पळणारं काही नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही बोलताय, समोरचा पण बोलतोय, मग दोघं गप्प, मग परत दोघं एकदम, हे त्या अर्ध्या सेकंदामुळं. पुतण्यानं हेच कुठंतरी अनुभवलेलं असणार.

नव्या लोकांनी उपग्रहच खाली आणला. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणजे लातूर-मुंबई रस्त्यापेक्षा थोडंसंच जास्त, फक्त उभं. वनवेब ही तसलीच दुसरी कंपनी, तिचे १,२०० किलोमीटरवर आहेत. ५५० गुणिले चार केलं तर २,२०० किलोमीटर, सात-आठ हजारांश सेकंद. प्रत्यक्षात तिरका रस्ता, गेटवे, मधली रांग धरून २५ ते ५० हजारांश सेकंद लागतात, त्यात व्हिडिओ कॉल आरामात होतो, गेम पण होतो. इथं पुतण्या गप्प झाला अन् तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

पण उपग्रह खाली आणल्याची किंमत आहे. तो जागेवर राहत नाही. तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं पळतो, साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला एक चक्कर, आपल्या वस्तीवरून जाताना काही मिनिटंच दिसतो अन् गेला. म्हणून एक-दोन उपग्रहांनी भागत नाही, हजारो लागतात, एक मावळला की दुसरा हजर पाहिजे. अन् छत्रीला सतत एकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. स्टारलिंकमध्ये कोणत्या छत्रीनं कोणत्या उपग्रहाशी बोलायचं ह्याचं वाटप दर १५ सेकंदाला नव्यानं होतं, त्या सांध्यावर कधीमधी कॉल अडखळतो.

आता मला माझ्या धंद्याच्या हिशोबानं जे आवडलं ते सांगतो, कारण ही छत्री गोल नाही, चपटी पाटी आहे, अन् तिला मोटर नसताना ती नजर फिरवते. आत हजाराच्या वर बारके बारके अँटेना आहेत. शाळेच्या ग्राउंडवर पोरांची एक आडवी रांग उभी करा अन् सगळ्यांना एकदम "चल" म्हणा, रांग सरळ पुढं जाईल. आता डावीकडच्या पोराला आधी सोडा, मग शेजारच्याला जरा थांबून, मग त्याच्या शेजारच्याला, रांग तिरकी होऊन जाईल. पोरं कुणी फिरवली नाहीत, नुसता वेळ पुढंमागं केला. पाटीतल्या अँटेना असंच अतिशय सूक्ष्म फरकानं लहरी सोडतात अन् लहर पाहिजे त्या दिशेला कलते. आम्ही छत्री एक सूत हलवायला पंधरा मिनिटं घालतो, हे ऐकून थोडं वाईटच वाटलं.

म्हणजे वेगाचा आक्षेप जवळपास संपला. आता तात्यांचं, "सगळ्या गावानं बसवली की झालं". खरी अडचण इथं आहे.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत नाव होतं गाडीचं. त्या पाण्यानं शहर तगलं. पण त्या रेल्वेच्या भरवशावर कुणी ऊस लावला असता का? रेल्वेत किंवा टँकरमध्ये जेवढं पाणी मावतं तेवढंच, घागरी वाढल्या म्हणून टँकर मोठा होत नाही. उपग्रह हा टँकर आहे, फायबर ही नळयोजना. आमच्याकडं ह्याच्यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसते, प्रत्येकानं टँकरमागं पळलेलं आहे.

बरं हा टँकर पण असा की थांबत नाही, आपल्यावरून निघून जातो. पृथ्वीचा ७० टक्क्यांच्या वर भाग समुद्र, म्हणजे उपग्रहाचा बराचसा वेळ माशांवर जातो. टॉवर एकदा कळंबमध्ये उभा केला की चोवीस तास कळंबचाच, पण मराठवाड्यावर चार उपग्रह जास्त पाहिजेत म्हटलं तर तसं करता येत नाही, सगळ्या जगावरचे वाढवावे लागतात. वरतून आणखी एक गंमत, स्टारलिंकच्या बऱ्याचशा उपग्रहांच्या कक्षा ५३ अंशात तिरक्या आहेत, म्हणजे ते उत्तरेला ५३ अक्षांशापर्यंत जातात अन् तिथून वळतात. औत हाकणाऱ्याला माहीत असतं, बैल तासातून, म्हणजे औताच्या ओळीतून, सरळ निघून जातात, वेळ जातो तो धुऱ्याला वळताना. तसंच ह्यांचं, वळायच्या जागी म्हणजे युरोपच्या उत्तरेला, कॅनडाकडं गर्दी, अन् आपण १८-१९ अक्षांशावर, मधल्या तासात, इथून ते झपकन निघून जातात. आपल्या डोक्यावर त्यामानानं उपग्रह विरळ.

त्यात आणखी डीटीएचवाल्यांचा, म्हणजे आमचाच, अडथळा. ते जुने जागेवरचे उपग्रह विषुववृत्तावर एका ओळीत आहेत अन् कळंबमधून बघितलं तर ती ओळ डोक्यावरून थोडी दक्षिणेला कललेली, साधारण ६८ अंश उंचीवर सर्वात वर. नियम असा की खालच्या उपग्रहांनी ह्या जुन्यांच्या सिग्नलमध्ये गडबड करायची नाही, म्हणजे त्या ओळीच्या आजूबाजूचा पट्टा टाळून बोलायचं. अमेरिकेच्या उत्तरेत ती ओळ खाली क्षितिजाकडं असते, फार नडत नाही. आपल्याकडं आभाळाचा चांगला वरचा भागच त्यात जातो.

आता आकडेमोड, पुतण्यानं ही लॅपटॉपवर केली, मी तोंडी. वरून टाकलेला झोत जमिनीवर किती मोठा पडतो? बॅटरीचा उजेड भिंतीजवळ धरला तर रुपयाएवढा, लांबून धरला तर घमेल्याएवढा, तसंच. ढोबळ हिशोब असा की लहरीची लांबी भागिले अँटेनाची रुंदी. लहर अडीच सेंटिमीटरची अन् अँटेना समजा १ मीटरची, म्हणजे चाळीसावा हिस्सा, अन् ५५० किलोमीटरचा चाळीसावा हिस्सा १४ किलोमीटर. ह्याच्यापेक्षा बारीक झोत पाहिजे तर अँटेना मोठी करा किंवा उपग्रह आणखी खाली आणा, तिसरा उपाय नाही. स्टारलिंक जमीन षटकोनी तुकड्यांत वाटते अन् एक तुकडा साधारण १७ किलोमीटर रुंद, २५० चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती, क्षेत्र ६४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे एका चौरस किलोमीटरला २९० माणसं धरा. एका तुकड्यात झाली ७२ हजार माणसं, पाच माणसांचं घर धरलं तर साधारण १४ हजार घरं.

समजा त्या तुकड्याला वरून ५ जीबीपीएस मिळाले (हे नेटच्या वेगाचं माप, एका जीबीपीएसचे हजार एमबीपीएस), हा आकडा मी समजायला धरतोय, कमी-जास्त होईल. १४ हजार घरांत वाटा अन् सगळे एकदम बसले तर घराला ०.३५ एमबीपीएस येतात, त्यात व्हॉट्सॲपचा फोटो उघडेपर्यंत चहा थंड. पण शंभरातल्या पाचच घरांनी घेतलं तर ७०० घरं, सगळी एकदम बसली तरी ७ एमबीपीएस, अन् सगळे एकाच मिनिटाला कधीच बसत नाहीत, त्यामुळं प्रत्यक्षात एकेकाला ५०-१०० मिळतील, मॅच असलेली रात्र सोडून. शंभरात एकानं घेतलं तर मजाच मजा. म्हणजे कमी लोकांनी घेतलं तर भारी, अन् सगळ्यांनी घेतलं की सगळ्यांचंच बोंबललं, कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

उपग्रह वाढवले तर? थोडं वाढतं, पण एकाच तुकड्यावर दोन उपग्रहांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं म्हणजे शेजारी-शेजारी दोन मांडवांत दोन डीजे. दोघांच्या दिशेत बऱ्यापैकी फरक असेल तरच छत्री एकाला ऐकून दुसऱ्याला गाळू शकते. फ्रिक्वेन्सीचा पट्टा सरकार देईल तेवढाच. फायबरचं गणित बघा, गावात जी साधी घरगुती फायबर येते त्यात एका केसाएवढ्या तारेतून २.५ जीबीपीएस येतात अन् ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ घरांना २.५, अन् वरून १४ हजार घरांना ५. कमी पडलं तर खाली आणखी एक तार टाकता येते, आणखी एक आभाळ टाकता येत नाही.

ह्याच्यावर तात्या म्हणाले, "मंग सरकार कशाला नाचायलंय?" नाचायला हरकत नाही, पण सरकारनं पण आकडा सांगितलाय. जुलै २०२५ मध्ये केंद्रातले दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर म्हणाले होते की स्टारलिंकला देशभरात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील. अख्ख्या भारतात २० लाख. आपले आठ जिल्हे त्यातले किती घेणार ते बघा.

आता पावसाचं, कारण पुतण्यानं तो मुद्दा सोडलेला नव्हता. पाऊस अडवतो, खरंय. माझ्या डीटीएचची अन् ह्या पाटीची वरून उतरणारी फ्रिक्वेन्सी एकाच भागात, १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झ, केयू बँड. अडीच सेंटिमीटरची लहर अन् मोठ्या मोठ्या थेंबांचा पडदा, थेंब तिला खातात पण अन् विखरतात पण. रिमझिमीनं काही होत नाही, पण मृगाआधीचा वळीव किंवा परतीचा पाऊस धो धो आला की टीव्हीवर चौकोन चौकोन दिसायला लागतात अन् मग निळा स्क्रीन, अन् मला फोन. तरी नव्या पाटीला दोन सवलती आहेत. डीटीएचचा उपग्रह एकच, त्या बाजूला ढग आला की संपलं, हिच्याकडं बऱ्याचदा दुसऱ्या दिशेचा उपग्रह असतो. अन् ती एकदम बंद पडत नाही, घाटात ट्रक गिअर खाली टाकतो तशी स्पीड उतरवून सिग्नल धरून ठेवते. अगदीच आभाळ फाटलं तर पाच-दहा मिनिटं जातं.

उलट मोठ्या संकटात हीच कामाला येते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडं जे पाणी शिरलं ते कुणी विसरणार नाही. अशा वेळी खांब आडवे होतात, पुलाबरोबर फायबर वाहून जाते, टॉवरची बॅटरी संपते. पाटी अन् एक बॅटरी घेऊन माणूस उंच जागी जाऊन बसला तर त्याला नेट आहे. तहसीलला, ग्रामीण रुग्णालयाला अशी एकेक संच ठेवायला पाहिजे असं मला वाटतं, ते घराघरात द्यायच्या आधी.

तरी खालच्या तारेशिवाय हिचं पण चालत नाही बरं का. उपग्रह स्वतः इंटरनेट बनवत नाही, तो निरोप्या, शेवटी निरोप जमिनीवरच्या गेटवेलाच द्यायचा असतो अन् तिथून पुढं फायबरच. भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच गेटवेतून जायला पाहिजे अशी अट आहे. अन् सगळा गाडा एकाच सॉफ्टवेअरवर चालतो, २४ जुलै २०२५ ला त्यात बिघाड झाला तर जगभरातलं स्टारलिंक अडीच तास बंद होतं. आमची फायबर तुटली तर गाव बंद होतं, जग नाही.

ऊन अन् लाईट हे दोन आपले घरचे प्रश्न. पाटीची मर्यादा ५० डिग्रीपर्यंत दिलेली आहे, मे महिन्यात हवा ४३-४४ असते पण पत्र्यावरची पाटी उन्हात किती तापते ते पत्र्यावर अनवाणी चढलेल्याला विचारा, २०२१ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनात अशी एक पाटी तापून बंद पडली होती अन् मालकानं म्हणे पाणी मारून चालू केली. पत्र्यापासून वर खांबावर बसवायची, एवढं लक्षात ठेवा. लाईटचं म्हणाल तर डीटीएचची छत्री बाहेरून जवळपास काही खात नाही, ही ७५ वॅटच्या आसपास खाते. चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. वस्तीवर शेतीचा फीडर, आठ तास लाईट अन् ती पण रात्री-बेरात्री, म्हणजे सोलर अन् बॅटरीचा खर्च छत्रीच्या खर्चात धरायचा.

मधेच तात्यांनी विचारलं की छत्रीच कशाला, मोबाईललाच वरून येत नाही का. येतं, मेसेजपुरतं चालायला लागलंय काही देशांत, पण खिशातल्या फोनचा आवाज इतका बारीक की तो ऐकायला वर कान मोठा लागतो. अमेरिकेच्या एका कंपनीनं २०२२ मध्ये ह्याच कामासाठी सोडलेल्या उपग्रहाचा अँटेना ६४ चौरस मीटरचा होता, म्हणजे तात्यांच्या घराएवढा. फोनवर वरून पिक्चर बघायचं आत्ता डोक्यातून काढा.

मग तात्यांच्या वस्तीचं काय ठरलं? गावात मी फायबरच सांगतो, कितीही खड्डे खांदले तरी. शाळा, पंचायत, बँक, सेवा केंद्र, जिथं घराला घर लागून आहे तिथं वरचं नेट वाटून पुरत नाही. वस्ती गावापासून दोन-तीन किलोमीटर असेल अन् मधे काही नसेल तर गावातल्या फायबरला एक रेडिओ लावून समोरासमोर लिंक मारायची, दोन बारक्या छत्र्या एकमेकींकडं तोंड करून, स्वस्तात काम. पण तिला समोरचं दिसावं लागतं, अन् तात्यांच्या वस्तीच्या अन् गावाच्या मधे अख्खा डोंगर. दहा-बारा घरं, अर्धा-अर्धा किलोमीटरवर विखुरलेली, तिथं कुणी आयुष्यात फायबर आणणार नाही. असल्या जागेलाच ही पाटी. हे ऐकून पुतण्या शिडीवरून उतरला अन् म्हणाला, "मग मी पण इथून काम करू शकतो की," अन् तात्या लगेच, "आधी कांद्याला पाणी दे."

मी ॲप उघडून आभाळ मोजलं. पाटीला वर आभाळाचा १००-११० अंशाचा मोकळा कोन लागतो, डीटीएचला कसं एक फट मिळाली तरी भागतं, हिला नाही, कारण उपग्रह सगळीकडून येतात, अन् मधे झाड असलं की दर काही मिनिटांनी नेट टचकन तुटतं. माळवदावरून बघितलं तर उत्तरेकडच्या अंगाला जुना लिंब, सगळी त्या बाजूची आभाळवाट झाकलेली. पुतण्या म्हणाला फांद्या छाटू. तात्या म्हणाले, "लिंबाला हात लावायचा नाही." आता विहिरीजवळ लोखंडी खांब उभा करायचं चाललंय, तिथून घरापर्यंत चाळीस मीटर केबल लागते, तेवढी माझ्याकडं सध्या नाही.